तेवीस पुस्तकं जास्त

१

पुस्तकं कमी भरली असती तर कुणाचाच घास अडला नसता. ग्रंथालय म्हटलं की चार-दोन पुस्तकं इकडची तिकडे व्हायचीच. न्यायला कुणी विसरत नाही, परत आणायला विसरतात. पण गुरुवारी दुपारी शेवटची फळी मोजून झाली आणि आकडा आला चार हजार एकशे एक्केचाळीस. दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची जन्मनोंद ज्या जाडजूड वहीत असते तिच्यात, आकडा होता चार हजार एकशे अठरा.

तेवीस जास्त.

ग्रंथपालबाईंनी पुन्हा मोजली. पुन्हा तेवीस. मोजताना त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, त्यामुळे चूक पाण्यावर ढकलता येईना.

त्याचं असं झालं होतं की जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना यंदा बरे दिवस आले होते. कुठे संगणक आले, कुठे चाकाच्या खुर्चीसाठी उतार झाला, आणि या शाखेला मिळालं नवंकोरं छप्पर. शिवाय मुलांसाठी बुटकी कपाटं आणि वाचनाच्या टेबलावर नवे दिवे. काम पाच महिने चालणार होतं आणि तोवर पुस्तकं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा बाईंनी शक्कल लढवली: प्रत्येक सभासदाने चाळीस-पन्नास पुस्तकं घरी सांभाळावी आणि छप्पर झालं की परत आणावी. जिल्ह्याचे साहेब म्हणाले होते, पुस्तकं जातील आणि आठवणी परत येतील. बाईंनी मनावर घेतलं. पाच महिने त्या दारोदार फिरून, लेकीच्या सासरी चौकशीला जावं तशा पुस्तकांची ख्यालीखुशाली विचारत राहिल्या. सभासद इतके धास्तावले की परतीच्या दोन दिवसांत एकूण एक पुस्तक आलं. वर हे तेवीस.

शनिवारी उद्घाटन होतं. त्या दिवशी शाखेला फिरतं ग्रंथालय मिळणार होतं. पुस्तकांनी भरलेली ती गाडी आजूबाजूच्या अकरा वस्त्यांवर जायची होती आणि बाई तीन वर्षं तिच्यासाठी अर्ज करत होत्या. अट एकच, वही आणि कपाट जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर गाडी शेजारच्या गावच्या शाखेला.

"बाई, जास्त आली म्हणून कुणी तोंड पाडतं का?" कुलूपकाका म्हणाले. "पाहुणे जास्त आले तर आपण दोन ताटं वाढवतो."

"पाहुण्यांची नोंद नसते काका. पुस्तकांची असते."

कुलूपकाका एकतीस वर्षं इथे शिपाई होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोज कुलूप उघडायला तेच हजर. परतीच्या दोन दिवसांत दारात स्टूल टाकून सभासदांच्या पिशव्याही त्यांनीच उतरवून घेतल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला आणि मुकाट्याने बाहेर गेले.

बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले की कमी असती तर समजून घेतलं असतं, जास्त म्हणजे एक तर वही खोटी किंवा कपाट खोटं. पडताळणीला माणूस पाठवतो. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्या माणसाची सही झाली तर गाडी तुमची.

कोण येणार, असं बाईंनी विचारलं. साहेबांनी सांगितलं आणि बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

२

जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रंथालयांत त्यांना टाचणीबाई म्हणत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं मोजून त्यांची नजर अशी झाली होती की समोरच्या माणसाचीही पानं मोजून घेई. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि टोचायचं तिथेच टोचायच्या.

त्यांनी आल्या आल्या चहा नाकारला, पंखा बंद करायला सांगितला आणि तासाभरात तेवीस पुस्तकं वेगळी काढली. ती काढणं काही अवघड नव्हतं. प्रत्येकावर याच शाखेचा शिक्का होता, दाखल क्रमांक होता. नोंदवहीत तो क्रमांक उघडला की ओळीवर लाल शाईची रेघ आणि पुढे तोच मजकूर: छप्पर गळून भिजले. बाद. नष्ट केले.

तारीख बारा वर्षांपूर्वीची.

ग्रंथपालबाईंना इथे येऊन नऊच वर्षं झाली होती. त्यांनी फायलींच्या तळातून तो जुना कागद शोधून काढला. त्यात लिहिलं होतं की भिजलेली तेवीस पुस्तकं शिपायामार्फत लगद्याला देऊन नष्ट करण्यात आली. खाली तेव्हाच्या ग्रंथपालांची सही, आणि तिच्याशेजारी जांभळ्या शाईतला अंगठा.

"म्हणजे ही मेलेली पुस्तकं आहेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मेलेल्यांची तब्येत बरी दिसतेय," टाचणीबाई म्हणाल्या.

खरोखरच बरी होती. नवी पुठ्ठ्याची बांधणी, वर हिरवं कापड, पाठीवर नीट टाके. टाचणीबाईंनी त्यातलं एक उघडलं. मधली आठ पानं छापील नव्हतीच. कुणीतरी मापात कागद कापून, त्यावर निळ्या शाईने अक्षर न् अक्षर उतरवून, ती पानं जागच्या जागी शिवली होती. बाकीच्या पुस्तकांतही तेच. कुठे तीन पानं, कुठे अकरा.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक माशी बसली होती. टाचणीबाईंनी ती हाताने उडवली. उडाली नाही. नखाने खरवडली. निघाली नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांशी नेलं. माशी शाईने काढलेली होती. सहा पाय, दोन पंख, आणि एक पंख जरासा दुमडलेला.

३

मक्षिकास्थाने मक्षिका असं आपण सगळेच म्हणतो. पोथी उतरवणाऱ्या कुणा लेखनिकाने मूळ पानावर चिरडलेली माशीसुद्धा उतरवली, त्यावरून ते आलं. डोकं न वापरता नक्कल करणाऱ्याला हिणवायला ते बरं पडतं. पण ती माशी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आजवर कुणाला भेटला नव्हता. टाचणीबाईंना भेटली ती माशी. आता माणूस भेटायचा होता.

त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं एक्कावन्नावं पान उघडायला सुरुवात केली. ग्रंथालयांची एक खासगी रीत असते. पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकतो, म्हणून आत एका ठरलेल्या पानावर आणखी एक शिक्का मारतात. ते पान कोणतं, हे शाखेच्या माणसांखेरीज कुणाला सांगत नाहीत. या शाखेचं पान एक्कावन्न.

पाच पुस्तकांत एक्कावन्नावं पान हाताने लिहिलेलं होतं. आणि पाचही पानांच्या खालच्या कोपऱ्यात, शिक्का नव्हता म्हणून, शिक्क्याचं चित्र काढलं होतं. गोल, गोलात गोल, मधे उघडं पुस्तक.

"घरचाच माणूस आहे," टाचणीबाई म्हणाल्या. "हे पान कुणाकुणाला ठाऊक आहे?"

ग्रंथपालबाईंनी बोटं मोजली. स्वतः त्या. त्यांच्या आधीचे ग्रंथपाल, पण ते लांब मुलाकडे राहायला गेलेले आणि त्यांची नजर तर इथे असतानाच गेली होती. तिसरे कुलूपकाका, कारण शिक्के मारायचं काम शिपायाचं.

"पण काकांना सोडा," बाई लगेच म्हणाल्या. "त्यांना अक्षरओळख नाही. एकतीस वर्षं हजेरीला अंगठा उठवला बिचाऱ्यांनी. वर्तमानपत्र घेऊन बसतात ते चित्रं बघायला. खोका आणायला सांगायचा तरी खिडकीजवळचा, दोरी बांधलेला, असं सांगावं लागतं."

"मग उरलात तुम्ही," टाचणीबाई म्हणाल्या.

ग्रंथपालबाई हसल्या. समोरून कुणी हसलं नाही, तेव्हा त्या थांबल्या.

४

शुक्रवारी सकाळी दोन माणसं बोलावली गेली, कारण गावात संशय घ्यावा असे हात दोघांचेच होते.

पहिला बाइंडर. जुनी पुस्तकं शिवून देणं हाच त्याचा धंदा, म्हणून तो येतानाच तयारीत आला होता. मी काही केलं नाही, आणि केलं असतं तर याहून बरं केलं असतं, असं त्याने दारातूनच सांगितलं. पुस्तक हातात घेतल्यावर मात्र गडी विरघळला. टाके सारखे आहेत, खळ बेताची आहे, शिकाऊ हात आहे पण घाई नाही, असं तो स्वतःशी बोलल्यासारखा बोलत राहिला. मग त्याने पाठीवरचं कापड थोडं उचललं आणि नाक मुरडलं.

"ही गाठ बघा मॅडम. बाइंडर अशी गाठ मारत नाही, मारली तर त्याचा बाप त्याला मारेल. ही गठ्ठा बांधायची गाठ आहे. महिन्याची वर्तमानपत्रं बांधतात ना, तसली."

टाचणीबाईंनी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. इथे गठ्ठे कोण बांधायचं, असं त्यांनी सहज विचारलं. हल्ली कुणी बांधत नाही, सहा वर्षांपासून सुटीच रचून ठेवतो, असं उत्तर आलं. टाचणीबाईंनी ते लिहून घेतलं नाही. त्या महत्त्वाचं कधीच लिहून घेत नसत.

दुसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी तपासायची खोड गेली नव्हती, तेव्हा आता ते लेखकांना तपासत. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कडेला त्यांच्या पेन्सिलीचे शेरे असत: पुरावा काय, कंटाळवाणे, इथे मी असतो तर. ग्रंथपालबाईंचं अर्धं आयुष्य ते खोडण्यात गेलं होतं. टाचणीबाईंनी माशीच्या पुस्तकातलं एक लिहिलेलं पान त्यांच्यापुढे धरलं. कडेला तिरक्या अक्षरांत होतं: साफ खोटं!

मास्तर रागावले. शेरा माझा आहे, हे त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. पण हात माझा नाही.

"मी पेन्सिलीनं लिहितो, ही शाई आहे. आणि हे मी इथल्या पुस्तकात लिहिलेलं नाहीच. शेजारच्या गावच्या शाखेतल्या प्रतीत लिहिलंय. कुणीतरी ती प्रत समोर ठेवून उतरवलीय." ते पानावर वाकले. हळूहळू त्यांचा राग उतरला आणि चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. "माझा शेरासुद्धा उतरवलाय हो. उद्गारचिन्हासकट. चाळीस वर्षं शिकवलं, इतक्या मन लावून कुणी उतरवून घेतलं नव्हतं."

ते गेल्यावर टाचणीबाईंनी मोठ्या टेबलावरची सगळी कागदपत्रं बाजूला सारली आणि तेवीस पुस्तकं एका ओळीत मांडायला घेतली. मांडता मांडता त्या दोनदा हसल्या. पंचवीस वर्षांत त्यांना हसताना पाहिलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे ग्रंथपालबाई जास्तच घाबरल्या.

"कुलूपकाकांना हाक मारा," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नका."

५

भिंतीशी अकरा खोके रचलेले होते. सगळे तपकिरी, सगळे सारखे. आत कपाटांच्या नव्या पाट्या आणि रंगवलेले फलक होते आणि कडेला रंगाऱ्याने जाड पेनाने नावं लिहिली होती.

"काका, तेवढा प्रवासवर्णनांचा खोका आणता?"

ग्रंथपालबाई सवयीने सांगायला गेल्या, तेवढ्यात टेबलाखाली त्यांच्या पायावर टाचणीबाईंचा पाय पडला. बारीक बाईंच्या मानाने पाय चांगला वजनदार होता.

काका खोक्यांपाशी गेले. क्षणभर उभे राहिले. वरचे दोन उतरवले, तिसरा उचलला आणि आणून टेबलाशी ठेवला. ठेवला, पण हात काढला नाही. कारण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं.

खोका बरोबर होता.

"बसा काका," टाचणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली टाचणी कुठे गेली होती कोण जाणे. "चूक झाली तर सांगा. ही तेवीस पुस्तकं मी अक्षरावरून लावलीत. पहिलं हे. यातलं अक्षर लिहिलेलं नाही, काढलेलं आहे, शिक्का काढलाय तसंच. चहाच्या कपाचा डाग काढलाय. मास्तरांचा शेरा काढलाय. माशी काढलीय. वाचणारा माणूस फक्त शब्द उतरवतो, काका. ज्याला वाचता येत नाही तो दिसेल ते सगळं उतरवतो. त्याला अक्षरही काळं आणि माशीही काळी. म्हणून हे काम बाईंचं नाही, जुन्या ग्रंथपालांचं नाही, मास्तरांचं तर नाहीच. पान एक्कावन्न ठाऊक असलेला, गठ्ठ्याची गाठ मारणारा आणि अक्षर न ओळखणारा माणूस इथे एकच होता."

काकांनी खाली पाहिलं.

"होता म्हणाले मी. पुढे बघा ना. सातव्या पुस्तकात चहाचा डाग गायब. बाराव्यात एकही ठिपका फुकटचा नाही. अठराव्यात मास्तरांचा शेरा गाळलाय. आणि हे शेवटचं." त्यांनी ते उघडून ग्रंथपालबाईंच्या हातात दिलं. पानावर शाईचा मोठा डाग होता आणि त्याखाली बारीक, वळणदार अक्षरांत, पुस्तकात नसलेली एक ओळ होती.

ग्रंथपालबाईंनी ती मोठ्याने वाचली. "इथे हसू आवरेना म्हणून शाई सांडली. माफी असावी."

 बाहेर रंगारी शिडी सरकवत होता.

६

मग काका बोलले आणि एकदा लागल्यावर थांबेनात. बारा वर्षांपूर्वी त्यांना ओली पुस्तकं लगद्याला द्यायला सांगितली होती. दारापर्यंत नेली, पुढे पाय उचलेना. पंचवीस वर्षं ज्यांची धूळ पुसली त्यांचा आपल्याच हाताने चिखल कसा करायचा? घरी नेऊन पान पान सुटं करून वाळवली. माळ्यावर ठेवली. निवृत्त झाल्यावर दुपार खायला उठायची, तेव्हा ती खाली काढली. सूनबाई शेजारच्या गावच्या दवाखान्यात नर्स, ती तिथल्या शाखेची सभासद. तिच्या कार्डावर तीच पुस्तकं मागवायची, मुखपृष्ठं जुळवून, आणि कुजलेली पानं बघून बघून काढायची. हिरवं कापड वाचनालयाच्याच टेबलावरचं, बदललं तेव्हा टाकून दिलेलं.

आणि वाचायला कुणी शिकवलं, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"पाट्यांनी," काका म्हणाले. "कोणत्या कपाटावर काय लिहिलंय ते मला ऐकून पाठ होतं ना बाई. चरित्रं कुठे, नाटकं कुठे. एक दिवस पान काढता काढता 'नाटकं'तला ना दिसला. म्हटलं, अरे, हा तर आपल्या दुसऱ्या कपाटावर बसतो. मग एकेक ओळखीचा निघायला लागला."

घरी काकूंचा जाच वेगळाच होता. नवरा वाचायला लागल्यावर त्या ऐकायला बसू लागल्या, आणि एका गोष्टीचं शेवटचं पान शेजारच्या शाखेतली प्रत कुणीतरी नेल्यामुळे चार महिने मिळालं नाही. ते चार महिने घरात कुणी धड जेवलं नाही, असं काका म्हणाले. काकूंना आजही वाटतं की ती प्रत मास्तरांनी मुद्दाम अडवून ठेवली होती.

"मग आधी का नाही आणलीत?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"आणून कुठे ठेवायची? छप्पर गळत होतं." हे त्यांनी अगदी उघड गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि तो कागद होता. पुस्तकं नष्ट केली म्हणून माझा अंगठा आहे त्यावर. तेव्हा काय लिहिलंय ते कळलं नव्हतं. वाचता यायला लागल्यावर एकदा फाइल पुसताना वाचला. पहिल्यांदा आपल्याबद्दल लिहिलेलं काही वाचलं, ते हे. म्हटलं, खोटं लिहून दिलं आपण. गुपचूप पिशव्यांत मिसळली. बाईंची गाडी अडेल असं ध्यानीमनी नव्हतं. लावा मला काय लावायचं ते, पण गाडी नका अडवू."

साडेचार वाजले होते. ग्रंथपालबाईंचे डोळे घड्याळाकडून टाचणीबाईंकडे आणि तिथून परत घड्याळाकडे जात होते.

टाचणीबाईंनी जुना कागद उचलून पुन्हा वाचला.

"कागद म्हणतो पुस्तकं नष्ट झाली. झालीच होती. ज्याच्या त्याच्या डोळ्यांदेखत गळक्या छपराखाली झाली. ही कुणीतरी पुन्हा केलेली आहेत. वही खोटी नाही आणि कपाटही खोटं नाही." त्यांनी फोन ओढला आणि साहेबांना लावला. या टोकाचं बोलणं फार नव्हतं. तेवीस पुस्तकं देणगी म्हणून आलीत. हो, एकाच माणसाकडून. नियम काय? पाचच्या आत नोंद आणि देणगीदाराची सही. मग पलीकडून साहेबांनी काही विचारलं, त्यावर टाचणीबाई म्हणाल्या की प्रती दुर्मिळ आहेत, एकीत तर माशीचं मूळ चित्र आहे.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "लिहा."

ग्रंथपालबाईंनी इतक्या वेगाने आयुष्यात लिहिलं नव्हतं. चार हजार एकशे अठराच्या पुढे तेवीस नवी नावं चढली. फिरत्या गाडीच्या किल्ल्या कुणाकडे राहणार, हेही त्यांनी लिहिता लिहिता ठरवून टाकलं. कुलूपकाका असताना तो काही प्रश्न नव्हता. अकरा वस्त्यांवर पुस्तक वाचून दाखवायला एक माणूस लागणार होता, तोही समोर बसला होता. त्याला अजून सांगितलं नव्हतं इतकंच.

पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांनी नोंदवही काकांपुढे फिरवली. देणगीदाराची सही, असा रकाना होता. हात आपोआप खणात गेला आणि सवयीने त्यांनी जांभळ्या शाईची डबीही पुढे सरकवली. सरकवली आणि जीभ चावली.

काकांनी डबीकडे पाहिलं. ती बोटाने हळूच बाजूला केली, झाकणसुद्धा लावलं. मग खिशातून स्वतःचं पेन काढलं.

नव्या रंगाच्या वासाने की कशाने, एक माशी घोंघावत आली आणि नेमकी त्या कोऱ्या रकान्यावर बसली. टाचणीबाई बघत होत्या. काकाही तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले, जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसे.

मग त्यांनी फुंकर मारून ती उडवली, आणि स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलं.